खेळाशेजारी बसलेली ताई

हे पुस्तक तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर रोजचे तीन-चार तास घालवणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. मुलं त्यांना कुठे ताई म्हणतात, कुठे बाई, शहरात टीचर. गावातली अंगणवाडी सेविका असो, महापालिकेच्या बालवाडीतली शिक्षिका असो किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत नर्सरी चालवणारी तरुण मुलगी असो, मुलं खेळायला लागली की आपण काय करायचं, हा प्रश्न तिला रोज सकाळी पडतो. लहान मुलांना काय शिकवावं हे सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. मुलांना खेळू द्या, असं सांगणारी भाषणंही पुष्कळ होतात. मूल खेळत असताना शेजारच्या मोठ्या माणसाने नेमकं काय करावं, हे मात्र तपशिलात कुणी सांगत नाही. पूर्वप्राथमिक शिक्षणातलं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचं काम मला तेच वाटतं.

बहुतेक ठिकाणी मला दोन चित्रं दिसतात. एका ठिकाणी खेळ म्हणजे मधली सुट्टी असते. मुलांना अंगणात सोडायचं, भांडणं झाली तर सोडवायची आणि तेवढ्या वेळात रजिस्टरं भरून घ्यायची. दुसऱ्या ठिकाणी खेळातून शिकवायचं ठरलेलं असतं. एखादं मूल फरशीवर लाल मोटार पळवत असलं की ताई त्याला थांबवून विचारते, ‘हा कुठला रंग? चाकं किती?’ मूल दोन उत्तरं देतं आणि मोटार ठेवून उठून जातं. ताईचा हेतू चांगलाच असतो. पण ते मूल त्या क्षणी उतार, वेग आणि आवाज यांत गुंतलेलं होतं. मोटार चढावर का मागे येते, हे त्याला बघायचं होतं. रंगाचं नाव त्याला बहुधा आधीच माहीत होतं.

सोडून देणं आणि ताब्यात घेणं, यांच्यामधली जागा कशी शोधायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. हा शोध आपल्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांचे विचार वाचून गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक राजकोटची प्रतिष्ठेची नोकरी सोडून तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपर्यंतच हे काम राहतंय, ही रुखरुख ताराबाईंना होती. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ च्या सुमारास दोघींनी आपलं काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ नेलं. १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत अनुताईंनी हे काम सोडलं नाही.

कोसबाडला मुलं शाळेत येईनात. मग शाळाच पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात भरू लागली. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणावरही शाळा भरली. इटालियन पद्धतीची लाकडी साधनं महाग होती, तेव्हा शिंपले, बिया, काड्या, खडे, पानं हीच साधनं झाली. या बदलाकडे आपण काटकसर म्हणून पाहतो. मला त्यात काटकसरीपेक्षा मोठी गोष्ट दिसते. कुठली बी आणि कुठला शिंपला वापरायचा हे ठरवण्याआधी त्या दोघींना हे बघावं लागलं, की ही मुलं दिवसभर हाताळतात काय, मोजतात काय, कशाशी खेळतात. शिकवण्याआधी बघायचं, हा क्रम तिथे पक्का झाला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. बघण्याची ती सवय तिच्याबरोबर सगळीकडे पोचली असं म्हणवत नाही.

बघणं म्हणजे काय, हे एका बालवाडीत पाहिलेल्या प्रसंगावरून सांगते. चार वर्षांचा एक मुलगा ठोकळ्यांचा पूल बांधत होता. दोन बाजूंना दोन उभे ठोकळे आणि वर आडवी फळी. फळी आखूड होती, ती पडली. त्याने ती उचलून तशीच पुन्हा ठेवली, या वेळी जरा दाबून. पुन्हा पडली. मग त्याने फळी उलटी करून पाहिली. तरीही पडली. ताई हातभर अंतरावर मांडी घालून बसली होती. उत्तर तिच्या ओठांवर असणार, पण ती बोलली नाही. ढिगातली एक लांब फळी तिने मुलाच्या गुडघ्याजवळ सरकवली आणि दुसऱ्या मुलांकडे पाहू लागली. मुलाने त्या लांब फळीकडे एकदा बघितलं, पण घेतली नाही. बराच वेळ तो पुलाकडेच बघत राहिला. मग एक उभा ठोकळा धरून त्याने अलीकडे ओढला. फळी बसली.

‘जवळ आणला!’ तो म्हणाला.

‘हो, अंतर कमी केलंस,’ ताई म्हणाली.

एवढंच संभाषण झालं. थोड्या वेळाने तोच मुलगा शेजारच्या मुलीला सांगत होता, ‘तुझं अंतर जास्त झालंय.’

यात ताईने केलं काय? आधी ती पुरेसा वेळ थांबली. मुलगा कुठे अडलाय आणि अजून चिकाटीने करतोय की रडकुंडीला आलाय, हे तिने पाहिलं. मग तिने उत्तर दिलं नाही, एक शक्यता त्याच्या हाताशी ठेवली. त्याने ती नाकारली आणि दुसरा, स्वतःचा मार्ग काढला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. आणि अनुभव घडून गेल्यावर तिने त्याला शब्द दिला. ‘अंतर’ हा शब्द फळ्यावर लिहून समजावला असता तर तो त्याला कळला असता का, याची मला शंका आहे. पुन्हापुन्हा पडलेल्या फळीमुळे तो कळला. मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्या माणसाच्या मदतीने जे करू शकतं, यांमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी मांडलं. तो पट्टा कुठे आहे, हे बाजूला बसून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

ठोकळ्यांचंच आणखी थोडं. अमेरिकेत हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये मुलांचा ठोकळ्यांचा खेळ कसा पुढे सरकतो, याचं बारकाईने वर्णन केलं. मूल आधी ठोकळे नुसतेच इकडून तिकडे नेतं. मग ओळी लावतं, एकावर एक रचतं. पुढे दोहोंवर तिसरा टाकून पूल करतं, चहूबाजूंनी जागा बंदिस्त करतं, नक्षी साधतं. आपण बांधलेलं काय आहे, हे नाव देऊन सांगणं आणि त्यात नाटक रचणं त्यानंतर येतं. हा क्रम माहीत असलेली ताई अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ‘घर बांध बरं’ म्हणत नाही. ठोकळे टोपलीत भरून दारापर्यंत न्यायचे, ओतायचे आणि परत आणायचे, हा त्याच्या वयाचा पूर्ण उद्योग आहे. त्याला टोपली लागेल, एवढं तिला कळतं.

कधीकधी मात्र बाहेर बसून चालत नाही, खेळात शिरावं लागतं. भातुकलीच्या कोपऱ्यात दोन मुलींनी भाजीचं दुकान मांडलं होतं. पानांच्या जुड्या आणि चिंचोक्यांचे रुपये. दुकान मांडून झालं, पण गिऱ्हाईक येईना आणि खेळ तिथेच थबकला. ताई पिशवी घेऊन समोर जाऊन बसली. ‘मेथी कशी दिली, मावशी?’ ‘पाच रुपये.’ ताईने मुद्दाम चारच चिंचोके दिले. दुकानदारणीने एकेक चिंचोका बाजूला सरकवत मोजलं आणि म्हणाली, ‘एक राहिला.’ ताईने पाचवा दिला. मग ती म्हणाली, ‘उद्या माझी बहीण येईल. तिला भाव कसा कळणार?’ दोघींनी थोडा विचार केला. एकीने पाटी आणली, एक पान काढलं आणि त्याच्यापुढे पाच टिंबं दिली. ‘येते हं,’ म्हणून ताई उठली. एव्हाना बाकीची मुलं रांगेत उभी होती.

ताई उठली, हे मला आत शिरण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. ती बसून राहिली असती तर दुकान तिचं झालं असतं. मुलांनी खेळाची सूत्रं हातात घेतली की मोठ्या माणसाने निघावं. ही वेळ ओळखायला बराच सराव लागतो.

त्या पाटीवरच्या पाच टिंबांत आकडा आणि लेखन दोन्ही आलं. आपल्याकडे या वयातलं गणित म्हणजे पन्नासपर्यंत पाढ्यासारखे अंक म्हणणं, असा समज आहे. असे अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘मला सात बिया दे’ म्हणा. पुष्कळदा ते मूठभर बिया देतं. मोजण्यासाठी एका वस्तूला एकच शब्द लावावा लागतो, शब्दांचा क्रम ठरलेला असतो आणि शेवटी आलेला शब्द सगळ्यांची मिळून संख्या सांगतो. रॉशेल गेलमन आणि रॅन्डी गॅलिस्टल यांनी १९७८ मध्ये मोजणीची ही तत्त्वं मांडली. यातलं शेवटचं तत्त्व मुलाला उमगायला बराच काळ लागतो. एक कमी पडलेला चिंचोका ते उमगण्याची संधी देतो. पाठांतर ती देत नाही.

लिहिण्याबद्दल तर मला तळमळीने सांगायचं आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन वहीत ‘अ’ गिरवून घेणाऱ्या नर्सऱ्या गल्लोगल्ली आहेत. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात त्यांतली तीन-चारच दिसतात. आठवं दिसायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. खांदा आणि कोपर आधी स्थिर होतात, बोटं नंतर. या वयाला माती मळायला द्यावी, ओलं फडकं पिळायला द्यावं, मोठ्या खडूने अंगणभर रेघोट्या ओढू द्याव्यात, मणी ओवू द्यावेत, कागद फाडू द्यावा. या कामांनी हात लिहिण्यासाठी तयार होतो. गिरवून घेतल्याने बोटं दुखतात आणि लिहिणं म्हणजे दुखणं, असं मुलाच्या मनात बसतं. पालक मागतात म्हणून आम्ही गिरवून घेतो, असं सांगणाऱ्या शिक्षिकांची अडचण मला कळते. पण पालकांशी बोलण्याचं अवघड काम टाळून त्याचा भार आपण मुलाच्या बोटांवर टाकतो आहोत.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. पालघरमध्ये वारली बोलणारं, मेळघाटात कोरकू बोलणारं, सातपुड्यात पावरी बोलणारं मूल अंगणवाडीत येतं, तेव्हा ताईची मराठी त्याला परकी असते. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवरची तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी मुलं आणि त्यांची ताई यांच्यातही हीच दरी असते. गप्प बसलेल्या अशा मुलाला ‘मंद’ ठरवायला वेळ लागत नाही. तेच मूल वाळूत खेळताना स्वतःशी किंवा भावंडाशी भराभर बोलत असतं. ताईने तिथे कान द्यावा. पाणी, भाकर, दे, ये, लागलं, भीती वाटते, अशा शब्दांना त्याच्या घरी काय म्हणतात, हे त्याच्या आईकडून शिकून घ्यावं. आईला किंवा आजीला एखाद दिवस बोलवावं आणि त्यांच्या बोलीतलं गाणं, त्यांच्याकडचा खेळ मुलांना ऐकू-पाहू द्यावा. घरची भाषा वर्गात चालते हे कळलं की मूल मराठीकडेही लवकर वळतं.

आणि न खेळणारं मूल? कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघणारं? मिल्ड्रेड पार्टन यांनी मिनेसोटातल्या एका बालशाळेतल्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये मुलांच्या सहभागाचे प्रकार मांडले. त्यांत बघत उभं राहणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे, तसंच शेजारी बसून आपापलं खेळणं हाही. बघणारं मूल रिकामं नसतं. कुणाला काय चालतं, कोण हिसकावतं, आत कसं शिरायचं, हे ते शिकत असतं. त्याला हाताला धरून गोलात उभं केलं तर हे शिकणं तुटतं. त्याच्या जवळ बसावं, समोर काय चाललंय ते हळू आवाजात बोलावं, आणि त्याच्या हातात खेळाला लागणारी एखादी वस्तू असू द्यावी. ती वस्तू मागायला दुसरं मूल येईलच. हे गप्प राहणं आठवड्यांमागून आठवडे टिकलं, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, नजर देत नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांच्या कानावर घालावं.

साहित्याबद्दल पुस्तकात दोन प्रकरणं आहेत, म्हणून इथे थोडक्यात सांगते. वाळू, पाणी, माती, जुन्या ओढण्या, खोके, चाळणी, नरसाळं, वेगवेगळ्या आकाराचे डबे. एकाच तऱ्हेने वापरता येणाऱ्या बॅटरीच्या खेळण्यापेक्षा खोका चांगला, कारण तो आज गाडी होतो आणि उद्या दवाखाना. फक्त तीन वर्षांखालची भावंडं सोबत येत असतील तर चिंचोके, मणी, बिया उचलून ठेवाव्यात. त्या नाकातोंडात जातात. साहित्यापेक्षा वेळेची टंचाई मोठी आहे. वीस मिनिटांच्या तासिकेत खेळ होत नाही. आई कोण आणि बाळ कोण, हे ठरवण्यातच पंधरा मिनिटं जातात. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो आणि नेमकी तेव्हा घंटा वाजते. सलग पाऊण तास ते तासभराचा मुक्तखेळ रोजच्या वेळापत्रकात असावा, हा या पुस्तकाचा आग्रह आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

हे वाचून अंगणवाडी सेविका म्हणेल, ‘ताई, बसू कधी?’ तिचं खरं आहे. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिच्या गळ्यात आहेत. वजनं घ्यायची, घरपोच आहार वाटायचा, गृहभेटी करायच्या, मोबाइलवर माहिती भरायची आणि वर कुठली ना कुठली पाहणी. पगार नाही, मानधन आहे. भरलेल्या माहितीची विचारणा वरून होते. मूल आज किती वेळ रमलं, ही विचारणा कुणी करत नाही. साहजिकच, सहापैकी जे काम दिसत नाही ते मागे पडतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हक्क दिला तो ६ ते १४ वयाच्या मुलांना. ३ ते ६ वयासाठी सरकारला व्यवस्था करता येईल, एवढंच त्याच्या ११ व्या कलमात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत स्तर मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात खेळाला मध्यभागी ठेवलं. कागदावर हे सगळं चांगलं आहे. मुलांसोबत बसण्याचा तासभर सेविकेच्या दिवसातून मोकळा करून देणं आणि त्या तासात तिला नोंदवह्या, फोन, बैठका यांपासून सोडवणं, हे त्या आराखड्याचं पहिलं काम असायला हवं. जिल्ह्याच्या कार्यालयात बसलेल्यांनी आणि पर्यवेक्षिकांनी ही प्रस्तावना वाचली तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की भेटीच्या दिवशी रजिस्टर उघडण्याआधी दहा मिनिटं मुलांजवळ बसावं.

पालकांसाठीही एक गोष्ट करता येते. ‘मुलं नुसती खेळतात’ अशी तक्रार घेऊन आलेल्या आईला किंवा बाबांना भाषण देऊ नये. त्यांना अर्धा तास वर्गात बसवावं आणि एकच मूल बघायला सांगावं, शक्यतो आपलं सोडून दुसरं. मूल किती वेळा अडलं, काय बोललं, कुणाकडे काय मागितलं, हे बघायचं. नंतर त्यावर बोलावं. अशा अर्ध्या तासानंतर बहुतेक पालकांचे प्रश्न बदललेले मी पाहिले आहेत. गिरवण्याऐवजी ते घरी कुठले डबे द्यावेत, हे विचारू लागतात.

पुस्तक वाचायला सुरुवात कुठूनही केली तरी चालेल. मात्र पहिल्या प्रकरणातली नोंदींची सवय आधी लावून घ्यावी. साधी शंभर पानी वही पुरे. दर मुलाला चार पानं, आणि रोज दोनच मुलांची प्रत्येकी तीन-चार ओळींची नोंद. ‘छान खेळली’, ‘मस्ती केली’ असं लिहू नये, कारण त्यातून उद्या काय ठेवायचं ते कळत नाही. ‘नरसाळ्यातून पाणी ओतलं. खालून बोट लावून अडवलं. बोट काढलं की हसली. दुसऱ्या मुलीला बोलावून दाखवलं,’ असं लिहावं. ही नोंद असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टबाशेजारी भोकं पाडलेला डबा आणि थोडी नळी ठेवायची, हे ताईला कुणी सांगावं लागणार नाही.